तीर्थाचा हात

हत्ती पाण्यात उभा होता. मगरीनं त्याचा पाय धरला होता, बळ सरलं होतं, काठावरचे सोयरेधायरे केव्हाच पांगले होते, आणि कीर्तनाला उभ्या जयतीर्थ भागवतरांचा, सगळ्यांच्या अण्णांचा, उजवा हात हळूहळू वर चालला होता, सोंडेत कमळ धरल्यासारखा. मेलकावेरीच्या भजनमठात त्या संध्याकाळी माणसं दाटीवाटीनं बसली होती. भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्यासुद्धा पुढे सरकल्या, कारण पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं. हात पुरता वर जाणार, बोटं मागे वळेपर्यंत तळवा उघडणार, चिपळ्या एकदाच कडाडणार, आणि अण्णा ती हाक घालणार, जी ऐकून देव पायात काही न घालता तसाच धावत सुटतो. कपिस्थलम् गाव तिथून जवळच. हे सगळं तिथल्याच तळ्यात घडलं अशी आमच्याकडच्यांची श्रद्धा, त्यामुळे कुंभकोणच्या माणसाला तो हत्ती परका नव्हे, शेजारच्या गावचाच.

हात वर गेला. हाक आली नाही.

छातीवर कुणीतरी रगड्याचा दगड आणून ठेवला असं अण्णांना वाटलं. श्वास अर्ध्यातच अडला. जबड्यापासून डाव्या दंडापर्यंत कळ गेली, कपाळावरच्या गोपीचंदनातून घाम फुटला. त्यांनी हाक घालायला तोंड उघडलं, पण आवाज बाहेर येईना.

"वा! वा!" पुढच्या रांगेतून कुणीतरी दाद दिली. "काय तो भाव! हत्तीच उभा केला!"

मृदंगावरच्या सुंदररावांनाही तो अभिनयच वाटला. त्यांनी एक बारीकशी थाप देऊन वाट पाहिली. मग अण्णांच्या बोटांतून चिपळ्या सुटल्या आणि फरशीवर खळ्ळकन् पडल्या. त्यासरशी बायकांच्या बाजूनं अंबुजाक्का ताडकन उठल्या. जमिनीवर पडलेली चिपळी त्यांनी अण्णांशी लग्न झाल्यापासून कधी पाहिली नव्हती.

"भाव नव्हे तो," त्या ओरडल्या. "धरा त्यांना! गाडी बघा कुणीतरी!"

दारासुरम्च्या रस्त्याला हृदयाचं नवं इस्पितळ झालं होतं, लहानसं, जेमतेम दोन मजल्यांचं. डॉक्टर कल्याणराम तिथला मुख्य. गल्लीतल्या गुरुमूर्तींचा मुलगा. लहानपणी हाच कल्याणा मठात पहिल्या रांगेत बसून हत्तीसाठी रडायचा आणि देव आला की नाक पुसायचा. मद्रासला शिकला, मग परदेशी जाऊन एक नवंच कसब घेऊन आला: हृदयापर्यंत बारीक नळी न्यायची, ती मनगटातून. गावात त्याची थट्टाही होई. "दुखतंय काळजात आणि हा टोचतो हाताला," असं म्हणून लोक हसत, आणि दुखलं की त्याच्याकडेच जात.

रात्र औषधांवर निघाली. सकाळी अण्णा उशीला टेकून जरा उठून बसले तर दगड पुन्हा छातीवर आला. बाटलीतलं औषध वाढवलं तेव्हा तो उतरला. कल्याणरामनं पडद्यावरची हिरवी रेघ बराच वेळ पाहिली आणि स्टूल ओढून पलंगाशी बसला.

"अण्णा, हृदयाला रक्त पुरवणारी एक शीर बंद पडायला आली आहे. औषधानं भागेल असं आता दिसत नाही. आत नळी घालून बघायला हवं. जमलं तर तिथेच फुगा फुगवून वाट मोकळी करायची. नेहमी जांघेतून जातात." तो थांबला. "तुमच्या दोन्ही जांघांत नाडी लागत नाही. चालताना पोटऱ्या दुखतात का?"

अण्णांनी पाय पांघरुणात ओढून घेतले.

"ह्यांना कुठलं दुखणं?" अंबुजाक्का म्हणाल्या. "गप्पांचा सोस तेवढा आहे. मठात जाताना दर कोपऱ्यावर थांबतील. शार्ङ्गपाणीच्या तेरापाशी, त्या रथाजवळ, फुलवाला, पुढे विड्याच्या पानवाली..."

"त्या पानवालीशी बोलायला मज काय होतं गे?" अण्णा पुटपुटले. "पाय थांबायला सांगत. मग उगाच उभं कसं राहायचं? म्हणून विचारायचो, पाऊस कसा, पोरं कशी."

अक्कांनी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. एवढी वर्षं त्यांनी त्या थांबण्यावरून टोमणे मारले होते.

"साखरेनं आणि तंबाखूनं पायाच्या शिरा बुजल्यात," कल्याणराम म्हणाला. "खालून वाट नाही."

"म्हणजे मगरीनं पाय धरलाय म्हण की."

"दोन्ही धरलेत, अण्णा. पण हात आहे."

डावा हात अण्णांनी आपण होऊन पुढे केला. लहानपणी आंब्यावरून पडून कोपर मोडलं होतं, वेडंवाकडं सांधलं होतं. त्या मनगटावर कल्याणरामची बोटं बराच वेळ नाडी शोधत राहिली, ती लागेना. मग त्यानं तो हात अलगद खाली ठेवला आणि उजवा घेतला.

अण्णांची नजर खाटेच्या कडेला गेली. तो हात. अंबुजाक्कांच्या नजरेनंही खाटेखालच्या पिशवीकडे धाव घेतली. पिशवीत चिपळ्या होत्या. त्या हाताचा अंगठा आणि मधली बोटं इतक्या वर्षांत चिपळ्यांच्या कड्यांना अशी सरावली होती की जेवताना घाससुद्धा तालात उचलला जाई, असं घरात म्हणत.

"ऐका," कल्याणराम म्हणाला. "मनगटात रक्ताच्या दोन वाटा असतात. एक अंगठ्याकडची, एक करंगळीकडची. मी अंगठ्याकडच्या वाटेनं जाणार. काम झाल्यावर कधीकधी ती वाट मिटते. मिटली तरी भिण्याचं कारण नाही, करंगळीकडची वाट सगळ्या हाताला पुरते. पण तुमची पुरते का, ते आधी बघायला हवं. मूठ आवळा. घट्ट."

अण्णांनी मूठ आवळली. कल्याणरामनं आपल्या दोन्ही अंगठ्यांनी मनगटाच्या दोन्ही बाजू दाबून धरल्या.

"आता हात पसरा."

"पसरा म्हणू नकोस रे," अण्णा म्हणाले. "उभ्या जन्मात कुणापुढे हात पसरला नाही. उघडा म्हण."

"बरं, उघडा. चांगला उघडा."

अण्णांनी हात उघडला. चांगलाच उघडला. पाची बोटं ताठ झाली, तळवा कमानीसारखा मागे वळला. पडल्यापडल्यासुद्धा त्या हाताला एक डौल आला. तळवा पिठासारखा पांढरा होता. कल्याणरामनं करंगळीकडचा आपला अंगठा उचलला आणि वाट पाहिली.

तळवा पांढराच राहिला.

"पुन्हा. मूठ. आता उघडा, चांगला."

पुन्हा तेच. अण्णांना स्वतःचा तळहात परक्याचा वाटला. चुन्याच्या भिंतीवर उठलेल्या ठशासारखा तो त्यांच्या डोळ्यांपुढे उभा होता, निर्जीव. त्यानं दुसराही अंगठा उचलल्यावर मात्र झर्रकन रंग आला.

कल्याणरामचा चेहरा उतरला. "अण्णा, तुमचा हा हात एकट्या अंगठ्याकडच्या वाटेवर जगतोय. तीच मी घेतली आणि ती मिटली, तर..."

"तर?"

"बोटं काळी पडतील. हात जाईल."

"कोपरापाशी काही करता येत नाही का?" अक्कांनी विचारलं.

"तिथे एकच मोठी शीर. ती बिघडली तर धोका आणखी मोठा. मद्रासला नेऊ. तिथे छाती उघडून करतील."

"मद्रास म्हणजे सबंध दिवसाचा रस्ता," अण्णा म्हणाले. "आणि वाटेत तो दगड पुन्हा आला तर?"

कल्याणराम बाटलीतून ठिबकणाऱ्या थेंबांकडे बघत राहिला. 

"इथेच कर," अण्णा म्हणाले. "जायचा तर हात जाऊ दे."

म्हटलं खरं. आयुष्यभर व्यासपीठावर उभं राहून लोकांना सांगितलं होतं: देह आपला नव्हे, सोडा, सोडायला शिका. ऐकून बायका डोळे पुसत. आणि आता एका हाताचा प्रश्न आला तर मन त्या हाताला मगरीसारखं चावून धरून बसलं होतं. चिपळ्यांवाचून जयतीर्थ कोण? एक म्हातारा, कोपऱ्याकोपऱ्यावर थांबणारा.

"मी धरीन चिपळ्या," अंबुजाक्का एकाएकी म्हणाल्या. "हात गेला तर तुम्ही सांगा, मी ताल देईन. पण तुम्ही राहा."

"तुज तालातलं काय कळतं गे?"

"चुकतं कुठे ते कळतं. तिसऱ्या पदाशी आलात की तुम्ही धावता. नेहमी. सुंदरराव बिचारे मृदंग घेऊन मागे पळत असतात."

"मी धावतो?"

"हत्तीच्या वेळी तर हटकून."

अशा वेळीसुद्धा अण्णांना राग आला, आणि रागानं जरा धीरही आला. पण कल्याणराम उठला होता. "असला जुगार मी खेळणार नाही. या हाताकडे बघत मी मोठा झालो आहे, अण्णा." त्यानं दारातल्या नर्सला तमिळमध्ये गाडी तयार ठेवायला सांगितलं, बरोबर औषधं, प्राणवायूचं नळकांडं, सोबत एक डॉक्टर. बाहेर धावपळ सुरू झाली. स्ट्रेचरची चाकं कुठेतरी कुरकुरली.

अक्कांनी पिशवीतून पितळेचं लहान पंचपात्र काढलं. घरची पूजा सकाळी धाकट्या दिरानं, मुकुंदरावांनी केली होती आणि शाळिग्रामाचं तीर्थ पाठवलं होतं. गावाची वेस ओलांडायची तर तीर्थ घेतल्यावाचून त्या घरातून कधी कुणी गेलं नव्हतं.

"डॉक्टर, पळीभर चालेल ना? तुम्ही तोंडात काही घालू नका म्हणालात."

"तेवढं चालेल," कल्याणराम म्हणाला. तो पुन्हा पलंगाशी आला होता. त्याला तो हात सोडवत नव्हता. कुठेतरी आपलंच चुकतंय अशी हुरहुर त्याच्या चेहऱ्यावर अण्णांना स्पष्ट दिसत होती. "एकदाच, अण्णा. शेवटचं. मूठ करा."

अण्णांनी मूठ केली. त्यानं दोन्ही वाटा दाबल्या. तेवढ्यात अक्कांनी तुळशीचं पान घातलेली पळी पुढे केली, आणि अण्णांचा हात आपोआप उघडला. तीर्थाला उघडतो तसा. मनगट सैल, बोटं जराशी मिटलेली, अंगठा आत, तळव्याची खोलगट वाटी. लहानपणी मुंजीच्याही आधी आईनं बोटं धरून लावलेलं ते वळण, त्यात विचार करायला काही नव्हतं.

पळी कलंडली. थंडगार पाणी पांढऱ्या तळव्यावर पडलं, तुळशीचं पान तरंगलं. कल्याणरामनं सवयीनं करंगळीकडचा आपला अंगठा उचलला.

आणि पाण्याखाली रंग चढू लागला. आधी करंगळीच्या उंचवट्याशी, मग तळव्याच्या मध्यात, मग बोटांच्या पेरांत. पान हिरवं दिसत होतं आणि त्याखालचा हात जास्वंदीसारखा लाल होत होता. कल्याणरामचा दुसरा अंगठा अजूनही दुसऱ्या बाजूची शीर घट्ट दाबून होता.

"अक्का, हलू नका," तो कुजबुजला.

"काय जाहलं? तीर्थ सांडलं का?"

"नाही. अण्णा, ते पिऊन टाका आणि हात पुन्हा द्या."

अण्णांनी तीर्थ घेतलं, ओला हात डोळ्यांना, डोक्याला लावला. कल्याणरामनं पुन्हा दाबलं. "आता तीर्थाला धरता तसा." हात लाल झाला. "आता तसा नको. मघाचसारखा, चांगला उघडा." अण्णांनी बोटं ताणली, तळवा मागे वळवला. पांढरा. "तीर्थाचा." लाल.

कल्याणरामनं कपाळावर हात मारून घेतला. "शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, हात ताणू देऊ नका, ताणला की रक्त अडतं आणि चांगला हातही पांढरा दिसतो. आणि मी काय म्हणालो? चांगला उघडा! अण्णा, मी हात उघडायला सांगितला आणि तुम्ही देवाला बोलावलंत!"

"मग मी दुसरं काय करणार? या हाताला उघडणं म्हणजे तेवढंच ठाऊक."

"मठात पांढरा, घरी लाल," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी पळी पंचपात्रात ठेवली. "आता? गाडी?"

"गाडी राहू दे. आत घ्या त्यांना."

आतली खोली गारठलेली होती. टेबल अरुंद, वर यंत्राचं भलंमोठं डोकं. उजवा हात एका फळीवर ठेवून पिवळ्या-तांबड्या औषधानं धुतला, हिरव्या कापडानं झाकला. कापडातल्या भोकातून मनगट तेवढं बाहेर. गुंगी थोडी दिली होती, पण अण्णा जागे होते. जागंच ठेवायचं असतं, असं कल्याणराम म्हणाला होता. मुंगी चावावी तशी सुई टोचली, मग मनगट बधिर झालं. काहीतरी बारीक आत सरकलं. कोपरापर्यंत एक ओळखीचा नसलेला थंडावा गेला.

अण्णा नाम घेऊ लागले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. ओठांतल्या ओठांत, पण मनात पूर्ण ठेक्यात, जसं मठात घेतात तसं.

मग हात आवळला.

दंडाला आतून कुणी दोर बांधून पीळ दिला असं झालं. अण्णा कण्हले. कल्याणरामचे हात थांबले. त्यानं नळी जरा मागे ओढून पाहिली आणि कळ थेट खांद्यात गेली.

"थांबा, अण्णा. हलू नका. अजिबात हलू नका." त्याचा सूर बदलला होता. तो नर्सशी तमिळमध्ये भराभर बोलला, औषधाची काचेची कुपी फोडल्याचा आवाज आला, नर्सनं औषध भरून दिलं. "शीर आवळली आहे. नळीला धरून बसली आहे. पुढे जात नाही, मागे येत नाही. जोर केला तर फाटेल."

"आता हातही मगरीनं धरला," अण्णांनी म्हणायचा प्रयत्न केला, पण तोंडातून नुसता वारा आला. छातीवर दगडाची कड टेकू लागली होती. कुठल्यातरी यंत्राची टिकटिक घाईला आली.

"औषध दिलंय, त्याला वेळ लागतो. भीतीनं शीर आणखी आवळते. हात सैल सोडा. सैल!"

"सोडलाय रे."

"नाही सोडलात. बोटं बघा तुमची."

अण्णांनी मान वळवली. हिरव्या कापडाच्या कडेला त्यांची बोटं दिसत होती. ती चालली होती. अंगठा मधल्या बोटावर, पुन्हा, पुन्हा, नसलेल्या चिपळ्या मिटत आणि फाकवत. प्रत्येक ठोक्याला मनगटाची तार ताणली जात होती.

"अण्णा, ताल नको!"

"नामाला ताल नको?"

"आज नको. तुमच्या पाया पडतो."

त्यांनी ताल सोडायचा म्हणून बोटं दाबून धरली, तर मूठ आवळली आणि कळ दुप्पट झाली. बोटं सोडली, तर ती पुन्हा चालू लागली. ताल टाकायचा कसा? तो कधी हातात घेतला हेही आठवत नव्हतं. दगड आता पुरता छातीवर बसला होता. मठातल्यासारखंच तोंड उघडलं, आवाज नव्हता. मनात आलं, इथेच. इथेच संपणार. हत्ती पाण्यात तसाच उभा राहणार आणि लोक म्हणणार, भाव काय होता!

तेव्हा त्यांना तळव्यावरचा ओलावा आठवला. सकाळचं ते थंड पाणी, त्यावर हेलकावणारं पान. त्यांनी डोळे मिटले आणि हातात तीर्थ आहे असं धरलं. पळीभर. शाळिग्रामावरून उतरलेलं. सांडता कामा नये, आणि सांडू नये म्हणून आवळताही कामा नये. आवळली मूठ की गळालंच ते. बोटं जराशी मिटली. अंगठा आत आला. ओठांवर नाम आलं ते ठेक्यावाचून, एकेक, सुटं, दारात येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला हळूच बोलवावं तसं. उभ्या आयुष्यात त्यांनी ते असं कधी घेतलं नव्हतं. लाज वाटली. आणि बरंही वाटलं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पाणी सांडलं नाही.

"सुटली," कल्याणरामचा आवाज लांबून आला. "सुटली, अण्णा. असाच. असाच ठेवा हात."

काहीतरी दंडातून, खांद्यातून गेलं असावं, पण कळलं नाही. डाव्या बाजूला टांगलेल्या पडद्याच्या काचेत करड्या उजेडात एक वेल दिसली, काळ्या बारीक फांद्यांची, हलणारी. "हे तुमचं हृदय," कल्याणराम म्हणाला. वेलीच्या मुख्य फांदीला एके ठिकाणी कुणीतरी नखानं चिमटून ठेवलं होतं, तिथून पुढे फांदी केसाएवढी.

"आता फुगा फुगवतोय, दगड येईल. या वेळी तो मी ठेवतोय, आणि मीच उचलणार. सोसा."

दगड आला. सगळा आला. अण्णांनी तळव्याची वाटी धरून ठेवली. मग दगड उचलला गेला, आणि श्वास छातीच्या तळापर्यंत गेला. तिथपर्यंत तो बऱ्याच महिन्यांत पोहोचला नव्हता, हे तेव्हा त्यांना कळलं. काचेतल्या वेलीची ती फांदी भरदार होऊन टोकापर्यंत काळी झाली होती.

मनगटाला घट्ट पट्टी बांधून त्यांना बाहेर आणलं तेव्हा ते उठून बसले. खरोखरच बसले, आणि पहिलं वाक्य बोलले ते कापीबद्दल, म्हणजे कॉफीबद्दल. साखर न घातलेली मिळेल, असं नर्स म्हणाली. अण्णांनी तोंड वाकडं करून ती घेतली. डाव्या हातानं.

पण गोष्ट तिथे सरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणरामनं पट्टी सोडली आणि अंगठ्याकडच्या बाजूला बोटं ठेवली. ठेवून बसला. बोटं जरा वर सरकवली, जरा खाली. अंबुजाक्का पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी त्याचा चेहरा पाहिला आणि दांडा धरला.

"नाडी लागत नाही," तो म्हणाला. "अंगठ्याकडची वाट मिटली."

 ज्याची भीती होती तेच झालं होतं. अण्णांनी हात डोळ्यांसमोर धरला. त्यांना काळं पडलेलं बोट शोधायचं होतं आणि शोधायचा धीर नव्हता. नखं गुलाबी होती. त्यांनी तो गालाला लावला. गाल आणि हात सारखेच ऊन होते.

"आण गे तीर्थ," ते म्हणाले.

त्यांनी वाटी धरली. अक्कांनी पळी कलंडवली. कल्याणरामनं कुठेच दाबलं नव्हतं. पाण्याखाली तळवा लालबुंद होता, करंगळीच्या बाजूनं भरलेला. पाणी हललंसुद्धा नाही. अण्णांनी ते घेतलं, एक थेंब न सांडता.

"पुरते आहे," कल्याणराम म्हणाला आणि त्याचा आवाज लहान मुलासारखा फुटला. "एकटी सगळ्या हाताला पुरते आहे. दुसरी कदाचित पुन्हा उघडेलही. न उघडली तरी..." त्यानं नाक पुसलं, पहिल्या रांगेत बसून पुसायचा तसं.

"रडतोस काय? देव आल्यावर रडणं थांबवायची तुझी जुनी रीत आहे ना?"

दारात सुंदरराव येऊन उभे होते. ते म्हणाले, मठात सगळे विचारताहेत, हत्तीचं काय झालं?

"उभा असेल बिचारा पाण्यात," अण्णा म्हणाले. "कल्याणा, चिपळ्या?"

"दोन दिवस नाही."

"एकदाच रे. त्याला बाहेर तरी काढतो."

कल्याणरामनं अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी पिशवीतून चिपळ्या काढल्या आणि अण्णांच्या हातात न देता आपल्या बोटांत अडकवल्या. "तुम्ही नुसतं सांगा," त्या म्हणाल्या. "हात तीर्थाला धरा आणि सांगा. धावायचं नाही."

अण्णांनी पाठ उशीला टेकवली. मग उजवा हात मांडीवरून जरासाच वर उचलला, बोटं सैल, तळवा खोलगट, त्यात कमळ मावेल एवढा. अंबुजाक्कांच्या हातात चिपळ्या एकदा वाजल्या, थोड्या आडव्या, थोड्या उशिरा. सुंदररावांनी दाराच्या चौकटीवर बोटं टेकवली. आणि परवा संध्याकाळपासून अडलेली ती हाक अण्णांनी हळू आवाजात, एकेक अक्षर ठेवत, जरासुद्धा न धावता घातली.